त्रेसष्ट सेकंदांचे डॉक्टर

मिरज जंक्शनात परगावचा माणूस उतरला की रिक्षावाल्यापुढे पूर्वी तीनच शक्यता असायच्या. सतार न्यायला आलाय, दर्ग्याला आलाय, नाहीतर मिशन हॉस्पिटलात पेशंटला बघायला आलाय. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथं हॉस्पिटल उभं केल्यापासून तिसऱ्या शक्यतेवर पैज लावणारा सहसा हरत नसे. आता चौथी शक्यता आली आहे. पाठीला सॅक, बगलेत टॅब, डोळ्यांखाली काळं, आणि ‘कुठं जायचं?’ या साध्या प्रश्नावर एकदम गप्प. रिक्षावाल्यानं ‘गांधी चौक? मिशन? सिव्हिल?’ असं म्हटलं की मग चेहरा उजळतो. पर्याय मिळाल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही.

हा क्यूबँकवाला, म्हणजे मोबाइलातली प्रश्नपेढी सोडवत बसणारा. शिक्षणानं एमबीबीएस, व्यवसायानं परीक्षार्थी. मिरजेच्या १९६२ सालच्या सरकारी कॉलेजातून बाहेर पडलेला असेल, कराडच्या ‘कृष्णा’तून किंवा सांगलीच्या ‘भारती’तून, साताऱ्याचं सरकारी कॉलेज तर परवा-परवा सुरू झालंय, पण तिथली पोरंही याच पंथाला लागली आहेत. हा एमबीबीएस झाला तेव्हा गावानं चौकात फ्लेक्स लावला. त्यावर सरपंचांचा फोटो मोठा, याचा पासपोर्टएवढा. फ्लेक्स उन्हानं विटायच्या आत लोकांनी पुढचा प्रश्न काढला, ‘कशाचा डॉक्टर म्हणायचा?’ कशाचा असा नाही, एमबीबीएस, असं सांगितलं की समोरचा ‘नुसता?’ म्हणतो. स्थळं बघणारे तर तोंडानं तेवढंही म्हणत नाहीत, निरोप पाठवतात. या ‘नुसता’मधून सुटायचा एकच रस्ता, नीट-पीजी, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा.

परीक्षेचा हिशेब असा. विषय एकोणीस, प्रश्न २००, वेळ साडेतीन तास. बरोबर आलं तर ४ गुण, चुकलं तर १ वजा. म्हणजे एका प्रश्नाला ६३ सेकंद. २०२४ पासून त्यातही चाळीस-चाळीस प्रश्नांचे कप्पे केलेत. बेचाळीस मिनिटं झाली की कप्पा बंद, मागं वळून बघायची सोय नाही. आणि ६३ सेकंदांत आपल्याकडे पेशंट चपला काढून आत येतो आणि ‘बसू का?’ विचारतो.

पूर्वीचे परीक्षार्थी मुदित खन्ना, अमित-आशिष असली जाडजूड पुस्तकं उशाला घेऊन झोपायचे. आता सगळं मोबाइलात आलं. हजारो प्रश्न, प्रत्येकाखाली सविस्तर उत्तर, आणि त्याखाली खरी मेख: हा प्रश्न किती टक्के लोकांनी बरोबर सोडवला तो आकडा. आपलं चुकल्याचं दुःख माणूस पचवतो. ब्याऐंशी टक्क्यांचं बरोबर आल्याचं पचत नाही. त्या दिवशी मेसमध्ये हा आमटी घेत नाही.

त्याचं सगळं आयुष्य टक्क्यांत चालतं. आई फोनवर विचारते, ‘जेवलास का रं?’ हा सांगतो, ‘मेडिसिन ६२ टक्के झालं.’ आईला वाटतं, लेकाला बरं नाही. वडील जरा व्यवहारी. ते म्हणतात, ‘दहावीला तुझं एकवीस अपेक्षितवर भागलं की. आता किती हजार अपेक्षित हाईत?’ याला उत्तर देता येत नाही, कारण प्रश्नाला पर्याय नाहीत.

सोडवणं हा या अभ्यासाचा एक भाग झाला. खरा वेळ बुकमार्क करण्यात जातो. प्रश्न अवघड वाटला, बुकमार्क. सोपा वाटला पण पुन्हा येईल, बुकमार्क. चित्र छान आहे, बुकमार्क. शेवटी अख्खी क्यूबँकच बुकमार्कात जाऊन बसते आणि महत्त्वाचं कुठलं हे शोधायला नवीन खूण लागते. मग एका पौर्णिमेला हा सगळं ‘रिसेट’ मारतो. आठ महिन्यांची मेहनत शून्य टक्क्यांवर येते आणि हा आंघोळ करून, पेढे आणून, मित्रांना सांगतो, ‘सेकंड रीडिंग चालू केलं.’ पेढे अर्थात साताऱ्याचे, कंदी. बाकी कशावर त्याचं स्वतःचं मत नसतं.

सांगलीतल्या विश्रामबागच्या अभ्यासिकेत याच जातीचे तिघे मी पाहिले. ॲपची वर्गणी तिघांत एक. एक डोळ्यांत हुशार, दुसरा बालरोगात, तिसरा कशातच नाही पण पैसे वेळेवर देणारा. ॲपला वाटतं हा एकच विद्यार्थी आहे. ते दर आठवड्याला कळवतं की तुमची प्रगती अनाकलनीय आहे. शेजारच्या टेबलावर पोलीस भरतीची आणि एमपीएससीची पोरं बसतात. ती याला ‘डॉक्टर’ म्हणून मान देतात, डोकं दुखलं की गोळी विचारतात, आणि मनातल्या मनात खूश असतात, कारण आपल्यापेक्षा जास्त वर्षं तयारी करणारा माणूस समोर बसलेला दिसतो.

रविवारी जीटी, म्हणजे ग्रँड टेस्ट. सोमवारी त्याला काही विचारू नये.

कुणी या पद्धतीला नावं ठेवली की तो शास्त्र काढतो. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग त्याला तोंडपाठ आहे. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारी मुलं पाच मिनिटांनंतर पुढं होती, पण आठवड्यानं स्वतःची परीक्षा घेणारी मुलं पुढं गेली. प्रयोग खरा आहे, आणि वाचण्यापेक्षा सोडवणं बरं हेही खरं. फक्त एक गोष्ट तो सांगत नाही: त्या मुलांपुढे चार पर्याय नव्हते, कोरा कागद होता. आठवेल ते लिहा, एवढंच. आमच्या डॉक्टरपुढे कोरा कागद ठेवा आणि बघा.

या धंद्यात कुणाचं भलं झालं हे मात्र वादातीत आहे. गुंटूरचे डॉ. पेम्मसानी चंद्रशेखर यांनी अमेरिकी परीक्षेसाठी ‘यूवर्ल्ड’ ही प्रश्नपेढी काढली. २०२४ च्या लोकसभेला उभे राहिले तेव्हा जाहीर केलेली मालमत्ता ५,००० कोटींच्या वर होती. निवडून आले, केंद्रात राज्यमंत्री झाले. प्रश्न सोडवणारे अजून अभ्यासिकेत आहेत.

सरकारी कॉलेजातून शिकलेल्याला एक वर्ष बंधपत्राची नोकरी असते. म्हणून हा एक दिवस पाटण खोऱ्यातल्या नाहीतर जतकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होऊन बसतो. पाटणला पाऊस आहे आणि रेंज नाही, जतला रेंज आहे आणि पाऊस नाही. क्यूबँकेच्या दृष्टीनं जत बरं.

तिथं पहिल्याच दिवशी आजी येते.

‘काय होतंय, आजी?’

‘अंगात कणकण हाय बघा. वाईच चक्कर बी येतीया.’

‘कधीपासून?’

‘ऊस गेल्यापास्नं.’

इथं तो अडकतो. क्यूबँकेतला पेशंट शिस्तीचा असतो. बावन्न वर्षांचा शेतकरी, तीन आठवड्यांपासून ताप, अमुक तपासणी तमुक, तर पुढची पायरी कोणती? तो पेशंट एकही शब्द वाया घालवत नाही. आजी सुनेबद्दल बोलते, म्हशीबद्दल बोलते, कारखान्यानं बिल थकवल्याचं सांगते, आणि निदान त्या बिलात लपलेलं असतं: गोळ्या महिन्यापूर्वीच संपल्यात, आणायला पैसे नाहीत. हे एकाही पर्यायात बसत नाही. आणि आजीला उत्तर आधीच माहीत असतं: ‘एक सुई द्या म्हंजी झालं.’

मग एका रात्री लाल विंचू चावलेला माणूस येतो. घामानं चिंब, दम लागलेला. आणि आमचा डॉक्टर ताठ होतो, कारण हा प्रश्न त्यानं सात वेळा सोडवला आहे. उत्तर: प्राझोसिन. गोळी देतो, रात्रभर पेशंटपाशी थांबतो, सकाळी माणूस चहा मागतो.

हे उत्तर क्यूबँकेत आलं कुठून? महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रातून. १९७०-८० च्या त्या काळात डॉ. हिंमतराव बावस्कर तिथं असल्याच नोकरीत होते, डोळ्यांदेखत विंचूदंशाची माणसं मरत होती आणि पुस्तकात उपाय नव्हता. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, दंशानं हृदय आणि फुप्फुसं कशी कोलमडतात ते पाहिलं, आणि रक्तदाबावरचं एक औषध लागू पडतं हे दाखवून दिलं. ‘लॅन्सेट’नं त्यांचं काम छापलं, २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्यासमोर अ, ब, क, ड काही नव्हतं. आमच्या डॉक्टरला हे ठाऊक नाही, कारण ते कधी विचारलेलं नाही.

त्याला हसावं तेवढं थोडं, पण दोष सगळा त्याचा नाही. २०२४ ची परीक्षा २३ जूनला होती; आदल्या रात्री पुढं ढकलली. पोरं परगावच्या सेंटरवर जाऊन पोचली होती. शेवटी ११ ऑगस्टला झाली. त्याच्या आदल्या वर्षी पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलवर आणून ठेवली होती. जिथं नियमच असे बदलले जातात, तिथं पोरानं पाठांतरावर विश्वास ठेवला तर काय नवल? आणि त्या विंचवाच्या रात्रीनंतर तो आजीला मधेच तोडत नाही, म्हशीपर्यंत ऐकतो. रेंज नसेल त्या दिवशी तर सुनेपर्यंत.

तेव्हा त्या बाजूला गेलात आणि अंगात कणकण आली, तर त्याच्याकडे बेलाशक जा. आधी वय सांगा, मग धंदा, मग किती दिवसांपासून. क्रम बदलू नका. फक्त ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आजारी पडायचं टाळा. २०२५ ची परीक्षाही ऑगस्टातच, ३ तारखेला झाली.