क्रॅबॲपल : अतिउत्साही मंडळींसाठी सुलभ मार्गदर्शक

पात्रता. न्यू जर्सी, ओहायो किंवा मिशिगनात नुकतंच घर घेतलेलं असावं. पुढे लॉन असावं. समोरच्यांच्या दारातलं गुलाबी झाड बघून घरातल्या निदान दोघांनी ‘आपणही एक लावू या’ म्हटलेलं असावं. बागकामाचा अनुभव नसल्यास उत्तम. अनुभवी माणूस हात आवरतो, आणि मग या मार्गदर्शकाला कामच उरत नाही.

१. निवड. नर्सरीत झाडं फुललेली असतानाच जा आणि फक्त रंग बघून झाड उचला. बहर टिकतो आठवडा-दोन आठवडे; उरलेल्या वर्षाचा विचार करणं हे रसिकाचं लक्षण नव्हे. ‘होपा’ ही जुनी जात मिळाली तर सोडू नका. वसंतात ती गुलाबी होते आणि स्कॅब नावाच्या बुरशीपायी भर उन्हाळ्यात पानं गाळून मोकळी होते. इलिनॉय विद्यापीठातून १९८२ साली आलेली ‘प्रेअरीफायर’ स्कॅबला सहसा दाद देत नाही, म्हणून ती टाळा. घरात फळांच्या सड्याची तक्रार होईल अशी भीती असेल, तर जवळजवळ न फळणारी ‘स्प्रिंग स्नो’ घ्या. तिला स्कॅब हमखास होतो, तेव्हा झाडायला काहीतरी मिळेलच.

२. खड्डा. विहीर खणायची हौस इथे भागवून घ्या. खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल आणि दोन-तीन पट रुंद असावा, असं जाणकार सांगतात. बुंधा जिथे मुळांकडे पसरत जातो, तो भाग मातीच्या वर दिसावा असंही म्हणतात. तुम्ही तो गाडून टाका. झाड भक्कम उभं दिसेल आणि पुढची काही वर्षं का खुरटलंय ते कुणाला कळणार नाही.

३. मल्च. लाकडाच्या चुऱ्याच्या दहा पिशव्या आणा आणि बुंध्याभोवती नैवेद्याच्या भाताची मूद पाडल्यासारखा ढीग रचा. खरं तर पाच-दहा सेंटीमीटरचा थर पुरतो, तोही खोडापासून चार बोटं दूर. पण मग शेजाऱ्यांना आपण खर्च केल्याचं कसं कळणार? मूद मोठी असली की साल कायम ओली राहून कुजते आणि हिवाळ्यात व्होल नावाच्या उंदरांची उबदार सोय होते. बर्फाखाली बसून ते खोडाची साल चहूबाजूंनी कुरतडतात. सालीचं कडं पूर्ण निघालं की झाड गेलं. खोडाला जाळी लावलीत, तर त्या बिचाऱ्यांनी जायचं कुठे?

४. शेजारधर्म. जवळपास ईस्टर्न रेड सीडर असेल तर पावसाळी एप्रिलमध्ये त्याच्या फांद्या न्याहाळा. गोटीएवढ्या तपकिरी गाठी भिजून फुगतात आणि त्यांतून नारिंगी, जेलीसारखी लिबलिबीत शिंगं बाहेर येतात. हा तांबेरा. त्याचे बीजाणू वाऱ्याने क्रॅबॲपलवर येतात आणि पानांवर नारिंगी ठिपके पडतात. पुढची पिढी उन्हाळ्याच्या शेवटी पुन्हा सीडरवर जाते. हे समजताच शेजाऱ्याला सीडर तोडायला सांगा. बीजाणू मैलोगणती दूरवरूनही येत असल्याने तांबेरा थांबणार नाही, पण भांडण टिकाऊ होईल.

५. छाटणी. दिवाळीच्या साफसफाईचा जोर अंगात असेल तेव्हाच कात्री काढा. पुढच्या वसंताच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात. ऑक्टोबरात त्या एका झटक्यात निकालात निघतात. एखाद्या फांदीचं टोक आकड्यासारखं वाकलं असेल आणि पानं होरपळल्यासारखी काळी होऊन लोंबत असतील, तर तो फायर ब्लाइट. रोगट भागाच्या वीस-तीस सेंटीमीटर खाली कापावं आणि दर कापाला कात्री स्पिरिटने पुसावी, हा नियम. न पुसता तीच कात्री निरोगी फांदीवर चालवलीत, तर रोगाला वाट शोधायचे कष्ट पडणार नाहीत. बुंध्यातून उठणारे फुटवेही राहू द्या. ते कलमाखालच्या खुंटाचे असतात. सवड मिळाली की वरच्या जातीला दाबून टाकतात आणि तुम्ही पैसे मोजलेला रंग गायब होतो.

६. फळं. पाच सेंटीमीटरपर्यंतच्या सफरचंदाला क्रॅबॲपल म्हणतात. ते दिसताच भारतातून आलेल्या आई ‘लोणचं घालू या का?’ असं विचारतील. फळ आंबट, तुरट आणि पेक्टिनने भरलेलं असल्यामुळे त्याची जेली बाहेरचं पेक्टिन न घालताही छान जमते. पक्ष्यांना मात्र एकही ठेवू नका. एरवी थंडीने मऊ पडलेल्या फळांवर रॉबिन आणि सीडर वॅक्सविंगचे थवे उतरतात, आणि फळं आंबली असतील तर वॅक्सविंग झिंगतातसुद्धा. सोसायटीच्या नियमांत हे बसतं का, ते आधी बघा.

शेवटी. एवढं करूनही झाड जगलं, तर दोष आमचा नाही. क्रॅबॲपल मुळात चिवट असतं. त्याला दिवसाकाठी सहा तास ऊन, पाण्याचा निचरा होणारी माती, पहिली दोन वर्षं नेमाने पाणी आणि हिवाळा सरताना एक हलकी छाटणी लागते. रोगाला न बधणारी जात घ्या, खोड मोकळं ठेवा आणि जून उजाडायच्या आत कात्री गॅरेजमध्ये टांगून ठेवा. पुढचं झाडाला कळतं.