गंजप्रेमी

बंगळूरच्या मोठ्या सोसायटीत एखादा तरी मराठी गंजप्रेमी असतोच. नोकरी आउटर रिंग रोडवर, पगार घसघशीत, घरची ऑटोमॅटिक गाडी लिफ्टजवळ आणि बेसमेंटच्या पार कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, एम.एच. १२ पाटीची जुनी टाटामोबाइल. टेल्कोने १९८८ साली बाजारात आणलेला हा पिकअप पुण्यात बनायचा आणि याचे वडील टेल्कोत होते. तेव्हा हा प्रश्न गाडीचा नाही, घराण्याचा आहे. त्यावर वाद घालायचा नसतो.

एरवी माणूस मितभाषी. पण "फार आवाज करते हो तुमची गाडी," एवढं कुणी म्हणायचा अवकाश! जुनं डिझेल इंजिन थरथरतं, त्याला केबिनचा पत्रा साथ देतो आणि शेजारी बसलेल्याशी बोलायलाही ओरडावं लागतं. उपाय एकच, ब्यूटिल रबराची डॅम्पिंग शीट. पत्रा हलला की त्याला चिकटलेलं रबर ताणलं जातं, वरचा ॲल्युमिनियमचा थर त्याला सहज ताणू देत नाही आणि थरथर उष्णतेत जिरते. हे सगळं तो लिफ्ट सातव्या मजल्यावर पोचेपर्यंत समजावतो. आपण तिसऱ्यावर राहत असलो तरी.

शीट लावायची म्हणून मॅट उचलली, तर खालचा फ्लोअर अनारशासारखा जाळीदार! पुढच्या काचेच्या पिचलेल्या रबरातून वर्षानुवर्षं पाणी झिरपून मॅटखाली मुरलेलं. ड्रायव्हरच्या टाचेखालून पार्किंगचा नंबर वाचता येत होता. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. याचा चेहरा उजळला. दोन शनिवारांचं काम आता वर्षभर पुरणार होतं.

मग जे. सी. रोडला रबरांसाठी खेटे, शिवाजीनगरच्या गुजरीत ब्रॅकेटचा शोध. टिंकरने व्यवहारी सल्ला दिला, "सार, वरून एक पत्रा मारू. खालचं कोण बघतंय?" याच्या लेखी हे पाप. गंज चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा, पुठ्ठ्याचा साचा काढायचा, अठरा गेजचा तुकडा बसवायचा, पत्रा वाकू नये म्हणून थांबत थांबत टाके मारायचे, मग प्रायमर आणि सांध्यांना सीलर. शेवटी टिंकरच याला "सार, तुम्हीच करा" म्हणाला. याने ते कौतुक समजून घरी सांगितलं.

त्यानंतर बेसमेंटमध्ये ग्राइंडर सुरू झाला. स्वतःच्या केबिनमध्ये शांतता नांदावी म्हणून या गृहस्थाने अख्ख्या विंगची रविवारची झोप उडवली. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारींचा पाऊस पडला. याने उत्तरादाखल वेल्डिंगचे फोटो टाकले.

पत्र्याचा पाव ते निम्मा भाग झाकला तरी थरथर बरीच मरते, हे तोच सगळ्यांना सांगतो. स्वतः मात्र ग्लोव्हबॉक्सच्या झाकणापर्यंत इंच न् इंच मढवला. कोपऱ्यात रोलर पोचेना, तेव्हा स्वयंपाकघरातलं लाटणं गायब झालं. शीटवरची नक्षी सपाट होईपर्यंत ते फिरत होतं आणि वर पोळ्यांऐवजी भात शिजत होता.

अखेर गाडी निघाली. पत्र्यावर टिचकी मारली की पूर्वी 'ठण्ण' व्हायचं, आता 'ठप्'. सिल्क बोर्डच्या सिग्नलला इंजिनाची घरघर इतकी दबली, की आजवर न ऐकलेली गिअरबॉक्सची शीळ ऐकू आली, मागच्या फळक्याचा खुळखुळाट ऐकू आला आणि शेजारून सौभाग्यवतींचा शांत स्वरही ऐकू आला, "अहो, एकूण किती खर्च झाला?"

याने खिडकी उघडली.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर पावसाळ्याआधी मॅट उचलून बघा. ओल असेल तर आधी पाण्याची वाट बंद करा आणि गंजावर शीट मुळीच चिकटवू नका. तो आत निवांत खात बसतो. आणि हो, बिलं गाडीत ठेवू नका.