आंब्यापासून अकरा पावलं

वेल्ह्यात राहून अंगणात धबधबा बांधणं म्हणजे आळंदीला जाऊन मोबाइलवर हरिपाठ ऐकण्यातला प्रकार. जुलैत आमच्या पडवीत बसलं की समोरच्या डोंगरावरून दहा-बारा पांढऱ्या धारा उतरताना दिसतात, आणि पत्र्यावरच्या पावसात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. बायकोच्या मते हा आमच्या संसारातला सर्वांत सुखाचा काळ.

पण दिवाळी सरली की डोंगर गप्प होतात. तालुक्याला आता राजगड हे नाव मिळालं, तरी एप्रिलमधलं पाणी वेल्ह्याचंच राहिलं: एक दिवस आड, तेही तासभर. एका अंगाला साडेतेवीस टीएमसीचं भाटघर, दुसऱ्या अंगाला गुंजवणी, आणि मधे आमच्या वाडीतल्या बायका हंडे घेऊन रांगेत. अशा ठिकाणी पाण्याचा खळखळाट बारमाही असावा असं वाटणारा माणूस एकतर कवी असतो, नाहीतर पेन्शनर. मला कविता येत नाही.

बी पडलं ते नसरापूरच्या बनेश्वराला. ती सावली, ती कुंडं, कुंडातले मासे. देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं. आणि याच नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या दगडी नळातून पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत नेलं. मोटार नाही, वीज नाही. कात्रज उंचावर, वाडा खाली, एवढ्याच भांडवलावर. वाटेत जागोजाग उच्छ्वास, म्हणजे नळात कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून बांधलेले लहान मनोरे. पुढे वाड्यात सोळा पाकळ्यांचं हजारी कारंजं उडालं. हे सगळं मी बायकोला रंगवून सांगितलं.

ती म्हणाली, "नानासाहेबांनी खणायच्या आधी कुणाला तरी विचारलं असेल."

म्हणून मीही विचारलं. आमच्या अंगणाखालून वाडीच्या नळाची लाइन जाते, एवढं ऐकून होतो. कुठून जाते, याचा कागद काही सापडेना. लोखंडी नळ असता तर यंत्रानं तरी हुडकता आला असता. काळ्या प्लॅस्टिकच्या नळाला ते यंत्र कुठलं ओ देणार? नकाशा होता तो वॉलमन आबांच्या डोक्यात. आबा आले, तंबाखू मळत उभे राहिले आणि म्हणाले, "आंब्यापास्नं अकरा पावलं. म्हसोबाकडं त्वांड करून."

"कुठला आंबा?"

"हितला की. कुटं गेला?"

आंबा मी घर बांधताना पाडला होता. स्वयंपाकघरात उजेड येत नव्हता.

मग आंबा कुठं होता यावर चौघांची चार मतं पडली. त्यातून एक जागा ठरवून आबांनी पावलं टाकली. ती बायकोनं पुन्हा टाकली तर सातच भरली, मी टाकली तर नऊ. शेवटी आबांनीच खुलासा केला की ती पावलं लाइन टाकली तेव्हाची, म्हणजे चाळिशीतली. आता गुडघे धरलेत. आम्ही सर्वांच्या पावलांची सरासरी काढली आणि त्याच्या तीन हात पलीकडे हौद धरला. शास्त्रीय पद्धतीनं केलेलं माझ्या आयुष्यातलं हे एकमेव काम.

सहा बाय चार, खोली दीड फूट. म्हणजे छत्तीस घनफूट, म्हणजे हजार लिटर, म्हणजे नुसतं पाणीच एक टन. हा हिशेब मला आज तोंडपाठ आहे. तेव्हा तो कुणी विचारला नाही. वर ओढ्यातल्या गोट्यांचा कमरेएवढा डोंगर रचला आणि कूलरचा पंप बसवला. पहिल्या रात्री बायको तीनदा उठून नळ गळतोय का पाहून आली. शेजारच्या मावशी सकाळी येऊन बराच वेळ उभ्या राहिल्या.

"पानी वर चडवायचं, खाली पाडायचं, परत वर चडवायचं," त्या म्हणाल्या. "त्या पान्यानं केलंय तरी काय?"

मे महिन्यात एका सकाळी आबांनी वॉल सोडला आणि वाडीत एकाही नळाला पाणी आलं नाही. वीज नव्हती, माझा पंप बंद होता, आणि तरीही अंगणातून असा आवाज आला की मला वाटलं पाऊसच आला. गोट्यांच्या मधोमध पुरुषभर उंच धार उभी होती. हौद एका अंगाला कलला होता. त्याच्या भारानं खालचा जोड निसटला होता. नळ सरासरीवर नव्हता, आंब्यापाशीही नव्हता. तो हौदाच्या बरोबर पोटाखाली होता.

पाच मिनिटांत वाडी जमली. भांडायला आली असं वाटून मी आत गेलो, पण बायका हंडे, कळश्या, डेचक्या घेऊन आल्या होत्या. वाया जाणाऱ्या पाण्यासमोर आधी भांडं लावायचं, भांडण मागून, अशी इथली रीत. भांडण खरोखर मागून झालं. त्याचा तपशील देत नाही.

"आता चालला बगा सायेब तुमचा धबधबा," आबा म्हणाले.

"शनिवारवाड्यालासुद्धा मोटार नव्हती," बायको म्हणाली.

हौद फोडला. दोन दिवस पहार चालली, नवा जोड बसला, खर्च अर्थातच माझा. गोटे उचलायला मात्र कुणी तयार होईना, तेव्हा आबांनी ते नळावरच ढीग करून ठेवले. मी चुना लावतो म्हटलं तर म्हणाले, "र्‍हाऊ द्या."

परवा ते नव्या पोराला घेऊन आले. आता वॉल तो सोडणार. पोरानं विचारलं, "आबा, लाइन कुटनं जाते?"

आबांनी म्हसोबाकडं बघितलं नाही, पावलंही टाकली नाहीत. ढिगावर काठी आपटली.

"ह्ये सायबाचं कारंजं हाय न्हवं? त्याच्या बुडाखालनं."