चिरंजीव, दोन गोल्फ आणि एक भोंगा

ती. बाबा व ती. आई यांना सा. न. वि. वि.

परवा फोनवर बोलताना तुमच्याकडे पहाटेचे पाच आणि इथे इंग्लंडात, स्लाउला, रात्रीचे साडेबारा वाजले होते. तेव्हा मागून जो भोंगा ऐकू येत होता तो कारखान्याचा नव्हे. आईंनी जिवाला घोर लावून घेऊ नये. तो आपल्याच गाडीचा अलार्म होता आणि तो गप्प करायला पायजम्यात धावलेले गृहस्थ म्हणजे तुमचे चिरंजीव. बाबांची उभी हयात दापोडीच्या एसटी वर्कशॉपात गेली, तेव्हा सविस्तर अहवालावर पहिला हक्क त्यांचा.

आपली गाडी 1999 ची फोक्सवॅगन गोल्फ. तिच्या दोन किल्ल्यांपैकी एक धाकटीने साउथएंडच्या वाळूत पुरली आणि कुठे पुरली ते ती विसरली. इथे अशा वेळी किल्लीवाला लॅपटॉप घेऊन दारात येतो आणि नवी किल्ली करून देतो. चिरंजीवांनी त्याचा दर विचारला, फोन ठेवला आणि दापोडीच्या रक्ताला हे शोभत नाही असं जाहीर केलं. नेमकी त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीतली तशीच गोल्फ, तोच रंग, तेच साल, मागून ठोकलेली, भंगारात निघाली होती. दोन किल्ल्यांसकट ती आपल्या दारात येऊन उभी राहिली. बेत सोपा होता: तिकडची कुलपं इकडे बसवायची, म्हणजे किल्ल्याही दोन आणि खर्चही नाही.

इग्निशनचं कुलूप सुटायला सोपं निघालं. किल्ली ठरावीक ठिकाणी फिरवायची, बारीक भोकात पोलादी तार घालून आतला खटका दाबायचा, की अख्खं कुलूप हातात येतं. नवं कुलूप बसलं, चिरंजीवांनी किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं. टाळ्या वाजल्या. टाळ्या संपायच्या आत इंजिन बंद पडलं. पुन्हा सुरू, पुन्हा सेकंदाभरात बंद. मीटरवर किल्लीच्या चित्राचा पिवळा दिवा डोळे मिचकावत होता.

बाबांच्या चेतक स्कूटरच्या किल्लीत नुसतं लोखंड होतं. या किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं, त्यातून चिपला वीजही मिळते आणि प्रश्नही विचारला जातो. उत्तर बरोबर आलं तर मीटरमागचं इलेक्ट्रॉनिक डोकं इंजिनच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, होकार देतं. नाही आलं तर ईसीयू इंजिन थांबवतो. या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. अमेरिकेत जनरल मोटर्सने 1986 च्या कॉर्व्हेटमध्ये याची पहिली आवृत्ती काढली. किल्लीत एक रेझिस्टर, त्याचे प्रकार फक्त 15. चिकाटीचा चोर पंधराही लावून बघू शकला असता. युरोपात ऑक्टोबर 1998 पासून प्रत्येक नव्या मोटारीला इमोबिलायझर सक्तीचा झाला. नेदरलँड्समधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा 1995 ते 2008 या काळात त्यामुळे मोटारचोऱ्या सरासरी 40 टक्क्यांनी घटल्याचं निघालं. चोर जुन्या, बिनचिपच्या गाड्यांकडे वळले, तेही त्या हिशेबात धरलेलं होतं. थोडक्यात, हजारो व्यावसायिक चोरांना जे जमलं नाही ते चिरंजीव रविवारी दुपारी जेवणाआधी करायला निघाले होते.

आईंना समजेल अशा भाषेत सांगायचं तर गोल्फच्या मीटरमध्ये एक रेशनकार्ड असतं. त्यावर जास्तीत जास्त आठ किल्ल्यांची नावं बसतात. नाव नसेल तर किल्ली दाताला दात जुळवून फिरेल, पण साखर मिळणार नाही. नाव घालायला चार आकडी गुप्त क्रमांक लागतो. शिवाय कार्ड नव्याने लिहिताना सगळ्या किल्ल्या हजर लागतात. जी गैरहजर, तिचं नाव कटतं. म्हणजे वाळूतली किल्ली उद्या कुणाला सापडली तरी तिच्यावर इंजिन चालणार नाही, आणि त्यासाठीच तो लॅपटॉपवाला पैसे मागत होता. हे तुमच्या सुनेने तेव्हाच सांगितलं होतं, असं ती आता म्हणते.

चिरंजीव मागे हटले नाहीत. भंगारातल्या गोल्फचा ईसीयू काढून आपल्या गाडीत बसवला. इंजिन सुरू, सेकंदाभरात बंद. साहजिकच होतं. किल्ली तिकडची, ईसीयू तिकडचा, पण मीटर अजून आपलंच, आणि त्याला दोघेही परके. मग मीटरही गेलं. किल्ली, मीटर आणि ईसीयू असं एकाच घरचं त्रिकूट जमल्याबरोबर गाडी शहाण्यासारखी चालू लागली. जुन्या गाड्यांची अदलाबदल करणारे इथले अनुभवी लोक आधीपासून हेच करतात: संच आणायचा तर अख्खा आणायचा. काही जण ओळखीच्या किल्लीतली चिप काढून त्या वेटोळ्यापाशी कायमची चिकटवतात. त्यानेही गाडी चालते, पण मग तिला कुणाचीही किल्ली चालते.

पण मीटरबरोबर मैलही आले. ती गाडी आपल्या गाडीपेक्षा कमी पळालेली, त्यामुळे आपली गोल्फ एका दुपारीत तरुण झाली. चिरंजीवांना हा बोनस वाटला. थोरल्याने त्यांना फोनवर सरकारी नोंद दाखवली. इथे दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते, तिच्यात मैल टिपले जातात, आणि गाडीचा नंबर टाकला की ते कुणालाही दिसतात. विकताना हे लपवलं तर फसवणूक. आता गाडीच्या वहीत चिरंजीवांच्या सुवाच्य अक्षरात मीटर बदलल्याची तारीख, जुना आकडा आणि नवा आकडा लिहिलेला आहे. विमावाल्यांनाही कळवून झालं.

राहिली दारांची कुलपं. ती अजून जुन्याच किल्लीची. दाराच्या कडेचं रबरी बूच काढून आतला स्क्रू सैल केला की कुलूप बाहेर येतं. पण तिकडचं अख्खं कुलूप बसवण्याऐवजी आपल्याच कुलपातल्या पट्ट्या नव्या किल्लीप्रमाणे लावायच्या, असं चिरंजीवांच्या मनाने घेतलं. कुलपाच्या पोटात नखाएवढ्या पितळी पट्ट्या असतात, प्रत्येकीखाली केसासारखी स्प्रिंग. योग्य किल्ली आत गेली की सगळ्या पट्ट्या एका पातळीत येतात आणि नळकांडं फिरतं. चिरंजीवांनी हे डायनिंग टेबलवर, पांढऱ्या टॉवेलवर उघडलं. पहिली स्प्रिंग वरणाच्या पातेल्यात गेली. दुसरी कुठे गेली ते कुणाला कळलं नाही. धाकटी टॉर्च घेऊन गालिच्यावर पालथी, थोरला चुंबक फिरवतोय, आणि शेवटी ती चिरंजीवांच्याच स्वेटरला लटकलेली सापडली. दाराचं कुलूप जसं होतं तसं परत बसवलं. म्हणून आता दाराला एक किल्ली आणि इग्निशनला दुसरी.

भोंग्याचं कारण इथेच आहे. किल्लीतलं रिमोट वेगळं आणि चिप वेगळी. रिमोटला बॅटरी असते आणि त्याची ओळख गाडीला निराळी करून द्यावी लागते. ती राहिली होती. अलार्म लागलेला असताना दार नुसत्या किल्लीने उघडलं, तर गाडी काही सेकंद थांबते, तेवढ्यात ओळखीच्या किल्लीने इग्निशन चालू झालं नाही की बोंब मारते. त्या रात्री चिरंजीव विसरलेला चष्मा आणायला गेले. दाराची किल्ली हातात होती, इग्निशनची दुसऱ्या पँटच्या खिशात, आणि पँट वरच्या मजल्यावर. इथल्या नियमाने गाडीचा भोंगा सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त वाजू नये अशी सोय असावी लागते. शेजारच्या आजी खिडकीत घड्याळ घेऊन उभ्या होत्या.

थोरल्याला मात्र या सगळ्यात रस वाटू लागलाय. त्याने जेवताना सांगितलं, की फोक्सवॅगनसह अनेक कंपन्यांच्या गाड्यांतली मेगामॉस नावाची चिप बर्मिंगहॅम आणि नेदरलँड्सच्या नायमेखन विद्यापीठांतल्या तीन संशोधकांनी फोडून दाखवली. फोक्सवॅगन कोर्टात गेली, लंडनच्या हायकोर्टाने 2013 मध्ये त्यांचा निबंध रोखला आणि तो 2015 मध्ये एक वाक्य गाळून छापला गेला. चिरंजीवांनी तत्काळ विचारलं, ते वाक्य कुठे मिळेल?

सध्या अडचण भंगारातल्या गोल्फची आहे. तिचं इग्निशनचं कुलूप आपल्या गाडीत, स्टिअरिंग लॉक झालेलं, पुढची चाकं तिरकी आणि ती नेमकी शेजारच्या आजींच्या फाटकासमोर. भंगारवाला साखळी घेऊन शनिवारी येणार आहे. इथे 2013 च्या कायद्याने भंगाराचे पैसे रोख देता येत नाहीत, थेट बँकेत जातात. ते पैसे लॅपटॉपवाल्याकडे वळवायचे, म्हणजे रिमोटचं तो बघेल, असं तुमच्या सुनेने ठरवलंय. चिरंजीवांना ते शनिवारीच कळेल. बाबांनी तोवर फोनवर दापोडीचा विषय काढू नये.

आईंच्या गुडघ्याला आराम पडला का ते कळवा. मुलांचे नमस्कार.

तुमची,
सून

ता. क. धाकटी विचारते, आजोबांच्या चेतकला अलार्म बसवता येईल का? बाबांनी तिला उत्तर पाठवावं, तिच्या वडिलांना नको.