नाण्यांची फरशी

नाण्यांची फरशी म्हणजे जमिनीवर नाणी चिकटवून वर पारदर्शक इपॉक्सी ओतणे. दहाचे नाणे 27 मिलिमीटरचे, म्हणजे चौरस फुटाला सुमारे 127 नाणी, 1,270 रुपये. शहाबादी कितीतरी स्वस्त. पण अकोला-अमरावतीकडे हिशेब निराळा. किराणेवाला दहाचे नाणे दोन बोटांत उलटसुलट करून ‘चालत नाही ना भाऊ’ म्हणत परत सरकवतो. या नाण्याचे चौदाही नमुने वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये सांगितले, ते गल्ल्यापर्यंत पोचले नाही. न चालणाऱ्या नाण्यावरून निदान चालता तरी येते. लक्ष्मीला पाय लागतो, म्हणून पावलागणिक नमस्कार करावा लागेल, एवढेच. शिवाय 2011 च्या नाणेविषयक कायद्यानुसार देवघेवीखेरीज विल्हेवाट लावण्यासाठी गरजेपेक्षा पुष्कळ जास्त नाणी बाळगणे गुन्हा आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत.