रंगभवनची आठवण कशी सांगावी

पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या आणि ‘रॉक मशीन’ला प्रत्यक्ष ऐकलेल्या गृहस्थांसाठी ही मार्गदर्शिका. सूचना पाळल्यास आठवण उत्तरोत्तर मुरते. न पाळल्यास ती आहे तशीच खरी राहण्याचा धोका संभवतो.

१. मुहूर्त. आठवण आपणहून काढू नये. पुतण्या नेरूळला कोल्डप्ले ऐकून येईपर्यंत दम धरावा. तो तिकिटाची किंमत सांगू लागला, की पायातली चप्पल काढून मांडी घालावी आणि फक्त “हं” म्हणावे. हा “हं” आरशासमोर आठवडाभर घोटावा.

२. स्थळ. मुंबईतले रंगमंदिर : धोबी तलाव, झेवियर्स कॉलेजला लागून, वर उघडे आभाळ. स्टेशनचा उल्लेख ‘व्हीटी’ असाच करावा. ‘सीएसएमटी’ म्हटल्यास सगळा प्रसंग परवाचा वाटू लागतो.

३. पूर्वपीठिका. श्रोत्यांना काहीही ठाऊक नाही असे धरून चालावे. ते खरेच असते. १९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ हा बँड निघाला, उदय बेनेगल गायचे, महेश तिनईकर गिटार वाजवायचे. इथे मावशी हमखास विचारतात, “तिनईकर म्हणजे कुठले?” उत्तर देऊ नये, दिल्यास गाडी स्थळांवर जाते. मुद्दा ठसवावा तो असा : तेव्हा पब्लिकला परदेशी बँडची गाणी हवी असत, आणि ही पोरं स्वतः रचलेली गाणी वाजवायची. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ ही त्यांची कॅसेट आली. १९९३ मध्ये बँडचे नाव ‘इंडस क्रीड’ झाले. आपण मात्र शेवटपर्यंत जुनेच नाव घ्यावे. त्याने ज्येष्ठता सिद्ध होते.

४. गर्दी. दर पाच वर्षांनी हजार माणसे वाढवावीत. प्रत्यक्षात मावतील त्याच्या दुपटीवर मात्र थांबावे. त्यापुढे गेल्यास ऐकणाऱ्यांत एखादा आर्किटेक्ट निघतो.

५. पाऊस. उघड्या रंगमंदिराचा हा मोठाच फायदा. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक महोत्सव इथे ऑगस्टच्या सुमारास भरे, तेव्हा त्या आठवणीत पाऊस बिनदिक्कत पाडावा. कार्यक्रम डिसेंबरातला असल्यास मोह आवरावा. गेल्या खेपेला आपण थंडी सांगितली होती, हे घरात एका व्यक्तीला पक्के आठवत असते.

६. आवाज. तोंडाने गिटार वाजवून दाखवू नये. कवळी असल्यास मुळीच नाही. “दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती,” एवढे पुरे. मग आवाज खाली आणून सांगावे, की शेजारी इस्पितळे आणि कॉलेज, त्यामुळे शंभर मीटरचा शांतता क्षेत्राचा नियम आला आणि रंगभवन मुके झाले. याच ध्वनिप्रदूषण नियमांचा हवाला देऊन आपण गणपतीत समोरच्या मंडळाच्या डीजेविरुद्ध अर्ज केला होता, हे सांगण्याची गरज नाही.

७. साक्षीदार. सोबत आलेला मित्र वर्षातून एकदाच घरी बोलवावा. गर्दीत हरवलेली कोल्हापुरी त्याची होती असे तो म्हणेल. वाद घालू नये. दोघांनी एकेक हरवली असे ठरवून टाकावे, म्हणजे जोड पूर्ण होतो.

८. कठीण प्रश्न. कोणीतरी विचारणारच, “गाणी कुठली कुठली वाजवली?” इथे भल्याभल्यांची दांडी उडते. प्रस्तुत लेखकाला गाण्यांचा क्रम आठवत नाही. आठवते ते एवढेच : ओला, अनवाणी डावा पाय, व्हीटीकडे धावत सुटलेले दोघे, आणि दोघांच्याही कानांना दडे बसल्यामुळे शेजारी असून एकमेकांना घातलेल्या हाका. अशा वेळी गप्प राहून छताकडे बघावे.

९. समारोप. गप्प राहिल्यावर स्वयंपाकघरातून आवाज येतो, “अहो, वडापाव राहिला! एकाचेच पैसे उरले होते ना, अर्धा अर्धा खाल्लात, आणि कर्जत लोकल डोळ्यांदेखत गेली.” ही व्यक्ती त्या रात्री रंगभवनात नव्हती. तेव्हा आपली ओळखही झालेली नव्हती. पण पुढचा भाग ती आपल्यापेक्षा चांगला सांगते, पावसासकट. महिना कुठला होता, हे तिला विचारू नये. आपण उठून चहा टाकावा.