वाऱ्याला पाठ करून

ठाण्यात बाळकुमला घर बघायला गेलात, की दाखवणारा माणूस स्वयंपाकघराआधी हॉलच्या खिडकीशी नेतो आणि हात लांब करून म्हणतो, 'खाडीदर्शन!' या दर्शनाचे चौरस फुटामागे वेगळे पैसे मोजावे लागतात. राहायला आल्यावर डासांमुळे खिडकीला जाळी बसते, ओहोटीच्या चिखलाचा वास येतो म्हणून काच सरकते आणि एसी लावला की पडदाही ओढला जातो. मग खाडी उरते ती पाहुण्यांपुरती. पाहुणे आले की पडदा सारून, हा कशेळीचा पूल, ते पलीकडे काल्हेर, अशी ओळख करून द्यायची आणि चहाकडे वळायचं.

वास्तविक हे पाणी साधंसुधं नव्हे. कल्याण, डोंबिवली, मुंब्रा करत आलेली उल्हास नदी आमच्यासमोरून कोलशेत, घोडबंदरकडे जाते आणि वसईला समुद्राला मिळते. 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराची सुरुवात याच खाडीच्या काठी झाली. तेव्हाची गलबतं डिझेलवर चालत नव्हती. वारा कुठला, किती, आणि भरतीची वेळ कोणती, हे ज्याला कळे तोच माणूस वसईपर्यंत पोचे. आज त्याच काठावर विसाव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला वारा कुठून येतोय असं विचारा. तो मोबाइल काढेल. मी तरी काढत होतो.

अशा मी पन्नाशी उलटल्यावर विंडसर्फिंग शिकायचं जाहीर केलं, तेव्हा घरात शांतता पसरली. 'आधी कपाटावरून बॅग काढताना स्टुलावर उभे राहून दाखवा,' असं बायको म्हणाली. मुलीने मात्र रास्त प्रश्न विचारला, 'मग इथेच खाडीत का नाही?' इथे शिकवणारं कोणी नाही, काठाला कांदळवन आहे, ओहोटीला गुडघाभर गाळ असतो आणि शहराचं सांडपाणी कुठे जातं हे आपल्याला ठाऊक आहे, अशी कारणं मी दिली. तिचं समाधान झालं नाही, आणि पुढे वाचताना माझंही होईना. कारण या खेळाचा जन्म समुद्रावर झालेलाच नाही. 1964 साली न्यूमन डार्बी नावाच्या अमेरिकेतल्या एका पाट्या रंगवणाऱ्या माणसाने सस्क्वेहॅना नदीसाठी शिडाची फळी तयार केली. मग विमानांचा अभियंता जिम ड्रेक आणि त्याचा मित्र हॉइल श्वाइत्झर यांनी कॅलिफोर्नियात तिला आजचं रूप दिलं. डोलकाठी फळीत घट्ट रोवायची नाही, कुठल्याही बाजूला झुकेल अशा सांध्यावर बसवायची, ही त्यातली मेख. त्यामुळे सुकाणूची गरजच संपली. माणूस काठी पुढे-मागे कलवतो आणि फळी वळते. 1984 मध्ये हा खेळ लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये पोचलासुद्धा.

आपल्याकडे त्याची पाळंमुळं गोव्यात चांगली रुजली आहेत. डेन आणि कात्या कुएल्हो ही गोव्याची भावंडं या खेळात देशाकडून उतरली आहेत. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत इबाद अलीने यातच कांस्यपदक मिळवलं. म्हणून मी गोव्याला गेलो. पदकासाठी नव्हे, मला फक्त उभं राहायचं होतं.

पण उभं राहणं हाच तर सगळा अभ्यासक्रम निघाला. नवशिक्याला दाराएवढी रुंद फळी आणि लहान मुलाच्या सदऱ्याएवढं वाटणारं शीड देतात. वाऱ्याकडे पाठ करायची, डोलकाठीच्या दोन बाजूंना पाय ठेवायचे, गुडघे वाकवायचे, पाठ ताठ ठेवायची आणि पाण्यात पडलेलं शीड दोरीने सावकाश वर ओढायचं. शिडात भरलेलं पाणी निथळेपर्यंत ते हलत नाही आणि निथळलं की एकदम हलकं होतं. आपण मात्र आधीच्याच जोराने ओढत असतो. पुढचं सांगायला नको.

मला वाटलं होतं, डोंबिवलीहून वर्षानुवर्षं लोकलने नोकरीला गेलेल्या माणसाला तोल काय शिकवायचा? कळवा-मुंब्र्याच्या वळणांवर एका पायावर उभं राहून पेपर वाचलाय आपण! फळीवर गेल्यावर कळलं, की तेव्हा आपण उभे नव्हतोच. आपल्याला उभं धरलं होतं. पुढे एकाची पाठ, मागे दुसऱ्याची बॅग, बाजूला तिसऱ्याचं कोपर. त्या गर्दीत बेशुद्ध पडलेला माणूसही ठाण्यापर्यंत उभाच राहतो. मध्यमवर्गीय आयुष्याचंही बरंचसं असंच असतं. इथे मात्र टेकायला काही नाही, आहे तो वारा. आणि गंमत अशी, की टेकायचं त्याच्यावरच. शीड भरलं की ते तुम्हाला पुढे खेचतं, तुम्ही मागे कलून त्याला तोलायचं. वाऱ्यावर विश्वास टाकला नाही तर तोंडावर पडता, जास्त टाकला तर पाठीवर.

झोत आला की आम्ही दोन्ही हातांनी दांडा आवळून धरणार, ही आयुष्यभराची सवय. किनाऱ्यावरून आमचा पंचविशीतला गुरू ओरडे, 'अंकल, फाटलो हात सोडात!' मागचा हात सुटला की शिडातला वारा निघून जातो आणि फळी निमूट थांबते. ब्रेक लावायला काही धरायचं नसून सोडायचं असतं, हे कपूरबावडीच्या चौकात गाडी चालवणाऱ्याला पटायला वेळ लागतो.

वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, हा पुढचा धडा. डावी-उजवीकडे साधारण पंचेचाळीस अंश मोकळे सोडून तिरकंच जायचं, मग वळायचं, पुन्हा तिरकं. जमलं नाही तर वारा तुम्हाला हळूहळू खाली वाहवत नेतो आणि आपली फळी ओढत किनाऱ्याने चालत परत यावं लागतं. वाटेत पर्यटक फोटो काढतात. त्यांना वाटतं, अंकल केवढा पल्ला मारून आले!

या सगळ्यात मनावर ठसलं ते एकच: गुरू पाण्याकडे नंतर बघे, आधी वाऱ्याकडे. पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. मच्छीमाराची शिडाची होडी त्याच्या जोरावर बाहेर पडे. नवशिक्याला तो परत येऊ देत नाही. दुपारी जमीन तापली की खारे वारे किनाऱ्याकडे येतात. कोळी घरी परततो आणि आमच्यासारखा शिकाऊ, फार तर, वाळूत आणून टाकला जातो. शाळेत भूगोलात या दोन वाऱ्यांवर मला पैकीच्या पैकी गुण होते. पण ते वारे कानामागे, मानेवर लागले तेव्हाच खरे वाटले.

म्हणून एक मागणं आहे. खाडीकाठी बागा होतील, बाकडी येतील, सेल्फीसाठी लाल बदामही उभा राहील. त्याआधी पाणी स्वच्छ करा आणि बाळकुम-कोलशेतच्या काठावर शिडाची एक लहानशी शाळा काढा. इथल्या जुन्या आगरी-कोळी घरांत भरती-ओहोटी तोंडपाठ असलेली माणसं अजून आहेत. शिकवायला त्यांना बोलवा. तोवर ज्यांना हौस आहे त्यांनी गोव्याला जावं. वयाची अट नाही. पोहता आलं पाहिजे, अंगात लाइफ जॅकेट पाहिजे, आणि काहीही झालं तरी फळी सोडायची नाही, कारण ती बुडत नाही.